तबकडी नसलेला लाल फोन

12 जानेवारी 1966 रोजी अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘बॅटमॅन’ ही मालिका सुरू झाली. गॉथम शहरावर संकट ओढवले, की पोलीस आयुक्त गॉर्डन आपल्या कचेरीतले पारदर्शक झाकण उचलून त्याखालचा लाल फोन कानाला लावत. तिकडे ब्रूस वेनच्या, म्हणजेच खुद्द बॅटमॅनच्या, अभ्यासिकेतला जोडफोन बीप-बीप करत लुकलुकू लागे आणि त्याचा विश्वासू नोकर आल्फ्रेड तो अदबीने उचले. या बॅटफोनला क्रमांक फिरवण्याची तबकडी नव्हती, कारण बोलणे ठरलेल्या एकाच ठिकाणाशी व्हायचे होते.

शीतयुद्धाच्या त्या काळात लाल फोन म्हणजे संकटकाळी दोन महासत्तांच्या नेत्यांना थेट जोडणारी हॉटलाइन, हे प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. गंमत अशी, की 1963 मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात सुरू झालेली खरी हॉटलाइन टेलिप्रिंटरवर चालत असे; तिच्यात बोलण्याची सोयच नव्हती.

असा खरोखर चालणारा फोन आपल्या घरी असावा, असे त्या वेळी कोणाला वाटले असते, तरी ते सोपे नव्हते. बहुतेक अमेरिकी घरांतला दूरध्वनी बेल कंपनीच्या मालकीचा असे, ग्राहक केवळ त्याचे भाडे भरत असे, आणि बाहेरचे यंत्र तारेला जोडायला कंपनीची मनाई होती. 1968 साली सरकारी नियामकाने कार्टरफोन नावाचे बाहेरचे यंत्र तारेला जोडू देण्याचा निर्णय दिला, त्याने ही मक्तेदारी प्रथम सैल झाली. तरीही 1976 साली मिकी माऊसच्या आकाराचा फोन आला, तेव्हा ग्राहकाने विकत घेतलेले असे ते फक्त बाहेरचे कवच. आतली यंत्रणा कंपनीचीच राही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दुकानातला फोन सर्रास जोडता येऊ लागला आणि मग हॅम्बर्गरपासून कार्टूनमधल्या गारफील्ड बोक्यापर्यंत हव्या त्या आकाराचे फोन घरोघरी वाजू लागले.

बॅटफोनची अडचण मात्र वेगळीच आहे: तबकडी ठेवली तर तो हुबेहूब दिसत नाही, आणि काढली तर त्यावरून कोणाला फोन लावता येत नाही. हौशी मंडळी जुना लाल टेबलफोन मिळवून त्याची तबकडी उतरवतात आणि त्या जागी कोरी चकती बसवतात. घंटी वाजवण्यासाठी तारेतून येणारा विजेचा दाब सुमारे 90 व्होल्टचा असल्यामुळे छोटा निऑन दिवा वेगळ्या बॅटरीशिवायही लुकलुकू शकतो. आता घरची तार गेली असली, तरी इंटरनेटवर चालणाऱ्या काही फोनजोडण्यांत रिसीव्हर उचलताच ठरलेला एकच क्रमांक लागावा, अशी व्यवस्था करता येते. म्हणजे तबकडीविना दोन लाल फोन एकमेकांशी खरोखर बोलू शकतात.