८५७ नावांची यादी

(दापोलीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी वक्ता नाही, केबलवाला आहे. इथल्या निम्म्या लोकांनी मला शिडीवर बघितलंय, उरलेल्यांनी फोनवर झापलंय. 'इंटरनेटवरची बंदी' हा विषय माझ्याच गळ्यात का घातला, ते मी ओळखून आहे. बंदी दिल्लीत ठरते, पण बटण दाबायला माझ्यासारखा लागतो.

२०१५ सालची गोष्ट. केबलच्या जोडीला इंटरनेट द्यायला मी नुकती सुरुवात केली होती. ३१ जुलैला, शुक्रवारी, दूरसंचार विभागाचं पत्र निघालं आणि वरच्या कंपनीमार्फत माझ्यापर्यंत आलं. सोबत ८५७ साइट्सची यादी. या सगळ्या बंद करा. मला पडद्यावर लांबलचक काही वाचता येत नाही, म्हणून मी प्रिंट काढली आणि काउंटरवर ठेवून चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर बिल भरायला आलेल्या एक काकू चष्मा सारखा करून तिसरं पान वाचत होत्या. मला म्हणाल्या, "एवढे चॅनल वाढवलेस होय रे? मग भाडं वाढणार असेल." मी कागद उलटे केले.

हसू नका, पुढे ऐका. चार दिवसांत देशभर ओरडा झाला. यादीत विनोदाच्या साइट्सही निघाल्या होत्या. ४ ऑगस्टला दुसरं पत्र आलं: यातल्या ज्या साइट्सवर लहान मुलांचं अश्लील चित्रण नाही, त्या बंद न करण्याची तुम्हाला मुभा आहे. वाचायला किती सोपं वाटतं! पण आहे की नाही हे बघणार कोण? मी. गाळा उघडून, उदबत्ती लावून, ८५७ साइट्स एकेक करून तपासायच्या. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली मुलांचं असलं चित्रण शोधणं आणि बघणं हाच गुन्हा. म्हणजे आदेश नीट पाळायचा तर आधी गुन्हा करावा लागणार. हे आम्ही ठरवू शकत नाही, असं सेवा देणाऱ्यांच्या संघटनेनंही जाहीरपणे सांगितलं. मी काय केलं? सगळ्याच बंद ठेवल्या. दुकान चालवायचं असलं की माणूस बंदीच्या बाजूनं चुकतो. शिमगा गेला, कवित्व राहिलं, ते माझ्या राउटरमध्ये.

तीन वर्षांनी तीच यादी पुन्हा आली. २०१८च्या सप्टेंबरमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं जुना आदेश अमलात आणायला सांगितलं. या वेळी मात्र ८२७ नावं होती. मधली तीस कुठं गेली? सरकारनंच तपासलं तेव्हा त्या तीस साइट्सवर अश्लील काही सापडलंच नाही. तीन वर्षं ती तीस नावं त्या यादीत होती. ती कुणी घातली, कशी घातली, मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आता बंदी म्हणजे नेमकं काय करतो ते सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही कुठलीतरी वायर कापतो. हर्णै बंदरावर उतरलेल्या माणसानं अमक्याचं घर विचारलं, की आपण सांगतो, नारळाच्या बागेवरून डावीकडे. बंदी म्हणजे मी म्हणायचं, "असं कोणी इथं राहत नाही." घर जागच्या जागीच असतं. माणूस पुढच्या टपरीवर विचारतो आणि पोचतो. ती पुढची टपरी, म्हणजे साइटचं नाव घेतलं की वाट सांगणारी गूगलची सेवा, तिचा पत्ता ८.८.८.८. दहावीतल्या पोरांना हा पत्ता पाठ असतो, तेराचा पाढा नसतो. मोठ्या कंपन्या याच्या पुढे जाऊन पाकिटावरचं नावही वाचतात. मग पोरं व्हीपीएन घेतात, म्हणजे पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून पाठवतात. आणि साइटवालेही गप्प बसत नाहीत. २०१८च्या बंदीनंतर एका बड्या साइटनं नावाचं शेपूट बदललं आणि थोड्याच दिवसांत दुकान पुन्हा मांडलं.

ब्रिटननं हे सगळं आपल्याआधी करून बघितलं. २२ जुलै २०१३ला पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी जाहीर केलं की चार मोठ्या कंपन्या घरोघरच्या जोडणीवर गाळणी लावतील. खूण आधीच केलेली असेल, नको असेल त्यानं ती काढायची. कायदा नव्हता, कंपन्यांशी समझोता होता. डिसेंबरात बीबीसीनं तपासलं, तर एका कंपनीच्या गाळणीत मुलांना लैंगिक शिक्षण देणारी साइट अडकली होती आणि एडिंबरातल्या बलात्कारपीडित स्त्रियांच्या मदतकेंद्राचीही. काही अश्लील साइट्स मात्र आरपार जात होत्या. पुढच्या वर्षी तिथल्या ऑफकॉम या नियामकानं आकडे दिले. नव्या ग्राहकांपैकी गाळणी ठेवणारे एका कंपनीत ४ टक्के, दुसरीत ५, तिसरीत ८, चौथीत ३६. चौथी कंपनी ती आधीपासूनच देत होती. बाकी तिघींकडे शंभरातल्या नव्वदांहून जास्त नव्या ग्राहकांनी गाळणी ठेवली नाही. आणि २५ जुलै २०२५पासून तिथं वय सिद्ध केल्याशिवाय असल्या साइट उघडता येत नाहीत, तर त्याच आठवड्यात तिथल्या ॲप स्टोअरवर व्हीपीएन सगळ्यांत वर.

इंग्रजांना हसायचा अधिकार मला नाही, कारण तीच चूक मी इथं केलेली आहे.

निसर्ग वादळ आठवतंय ना? ३ जून २०२०. माझे खांब आंब्याच्या कलमांबरोबर आडवे झाले. तारा परत ओढेपर्यंत शाळा ऑनलाइन झाल्या आणि घरातला एकुलता फोन पोरांच्या हातात गेला. रोज कुठली तरी आई यायची. एक तर रडली. मुलगा सहावीतला, त्यानं काय बघितलं ते तिच्या तोंडातून निघेना. "दादा, तुमच्याकडूनच बंद करून टाका ना." हे गाऱ्हाणं खरं होतं, आणि स्वातंत्र्यावर भाषण देऊन त्याचं समाधान होत नाही. मी त्या रात्री राउटरमध्ये शब्दांची यादी भरली. ज्या साइटच्या नावात हा शब्द, ती बंद. सगळ्या ग्राहकांना, कुणालाही न विचारता. त्या रात्री मला छान झोप लागली.

पहिली तक्रार गणपतीवरून आली. एका काकांना टिटवाळ्याच्या देवळाची माहिती बघायची होती, पान उघडेना. टिटवाळा रोमन लिपीत लिहा आणि पहिली तीन अक्षरं बघा. इंग्रजीत तो बाईच्या छातीसाठीचा उनाड शब्द आहे. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना नेमकं याच कारणानं अमेरिका ऑनलाइनवर खातं उघडता येत नव्हतं, गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी होती म्हणून. पुढं मी वाचलं तेव्हा कळलं की या चुकीला त्या गावाचंच नाव पडलंय. टिटवाळ्याचा बाप्पा मी तासाभरात सोडवला.

दुसरी तक्रार आलीच नाही. ती मला महिन्याभरानं कळली. आमच्याच एका ग्राहकाच्या घरी बाईंना स्तनाचा कर्करोग होता, मुंबईला केमो चालू होती. त्यांची मुलगी रात्री माहिती शोधायची आणि पान उघडायचं नाही. स्तनासाठीचा साधा, डॉक्टरी इंग्रजी शब्द मी यादीत घातला होता. मुलीला वाटलं, नेट गेलंय. फोन का नाही केला असं मी विचारलं तर म्हणाली, "वादळानंतर तुमचं नेट असंच असायचं ना, काका." मी यादी पुसली. पुसताना बघितलं, मी ६२ शब्द भरले होते.

आपल्या तालुक्यातल्या मुरुडच्या कर्व्यांची आठवण इथं काढायलाच हवी. महर्षी अण्णांची नव्हे, त्यांच्या मुलाची, रघुनाथ धोंडो यांची. १९२७ पासून १९५३ला जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, जे घरात बोलायचं नाही ते छापलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. तरीही हरले, दंड भरला. तो निकाल चूकच होता असं मी मानतो, पण त्यात एक गोष्ट होती. आरोप काय, कुठल्या मजकुरावर, हे कर्व्यांना ठाऊक होतं. उत्तर द्यायला उभं राहायची जागा होती. आणि निकालाखाली एका न्यायाधीशाची सही होती. माझ्या राउटरमधल्या त्या तीस साइट्सना काय होतं? पत्र निघालं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९(३)(ब) कलमाखाली. आणि सरकारला साइट बंद करायचा अधिकार देणारं ६९ अ कलम वापरलं असतं, तरी शासनाच्या २००९च्या नियमांत स्पष्टच आहे: त्याखालची विनंती, तक्रार आणि कारवाई, सगळं गोपनीय.

हा धागा आपल्या कोकणातूनच जातो. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका ओळीसाठी अटक झाली. एकीनं लिहिली, दुसरीनं लाइक केली. त्यातून सर्वोच्च न्यायालयात याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ला, ऑनलाइन लिहिलेल्या मजकुरासाठी अटक करू देणारं ६६ अ कलम रद्द झालं. आपण टाळ्या वाजवल्या. त्याच निकालात ६९ अ आणि ७९ मात्र टिकली, आणि साधारण चार महिन्यांनी माझ्या काउंटरवर ते कागद आले.

मला अश्लीलतेचा वकील समजू नका. मुलांवरच्या अत्याचाराचं चित्रण कुठल्याही यादीनं अडवा, मी एका मिनिटात बंद करीन. ब्रिटनची इंटरनेट वॉच फाउंडेशन १९९६ पासून तेच काम करते. २००८ला त्यांनी विकिपीडियाचं एक पान यादीत घातलं, आरडाओरडा झाला, चार दिवसांत काढलं. चुकले, पण कुणाच्या दारात जायचं हे लोकांना माहीत होतं.

आता मी काय करतो ते सांगून थांबतो, मग प्रश्न विचारा. नवी जोडणी देताना मी एक फॉर्म देतो, मराठीत. 'मुलांसाठी गाळणी: हवी / नको.' आधी खूण केलेली नसते. हवी म्हटलं की त्या घरापुरती वाट विचारायची टपरी बदलतो, तिचा पत्ता १.१.१.३ करतो, क्लाउडफ्लेअर कंपनीचा कुटुंबांसाठीचा. त्यांनीही २०२०ला सुरू करतानाच समलिंगी लोकांच्या मदतीच्या साइट्स चुकून अडवल्या होत्या, माफी मागून सोडल्या. तेही मी ग्राहकाला सांगतो. मग राउटरचा पासवर्ड घरातल्या माणसाच्या हातात.

मागच्या महिन्यात आंजर्ल्याच्या एका आजोबांनी 'हवी'वर खूण केली. नातू सातवीत, त्याच्यासाठी. मी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पुढे केला. आजोबांनी चिठ्ठी न बघताच नातवाच्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच ठेव रे बाबा, माझ्या काही लक्षात राहायचा नाही."