मिथुन, तूळ आणि ॲस्पिरिन

(दृश्य: तळहातावर ॲस्पिरिनची एक गोळी)

आयसिस-2 ही हार्ट अटॅकवरच्या दोन औषधांची चाचणी 1988 साली प्रसिद्ध झाली. 417 रुग्णालयं, 17,187 रुग्ण, सूत्रं ऑक्सफर्डहून हललेली. प्रवेशाची अट अगदी साधी: हार्ट अटॅकची शंका आणि दुखणं सुरू होऊन 24 तासांच्या आत. ईसीजी बदललेलाच हवा, असा हट्ट नव्हता.

डॉक्टरांनी फोन करायचा, रुग्णाची माहिती सांगायची. मग चिठ्ठी टाकल्यासारखी चारपैकी एका गटात नोंद व्हायची: नुसतं स्ट्रेप्टोकायनेज (हृदयाच्या रक्तवाहिनीतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध), नुसतं ॲस्पिरिन, दोन्ही किंवा दोन्हींची खोटी औषधं. स्ट्रेप्टोकायनेज म्हणजे 15 लाख युनिट, सलाइनमधून तासाभरात. ॲस्पिरिन रोज साधारण 160 मिलिग्रॅम, महिनाभर.

(दृश्य: गोळी दाताखाली फुटते)

पहिली गोळी मात्र चावून खायची. गोळीवर पोटात न विरघळणारं आवरण होतं. ती अख्खी गिळली तर आतड्यात पोचेपर्यंत वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, गुठळीवर थर चढवतच राहतात. ॲस्पिरिन लागलेली प्लेटलेट मात्र मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, त्या कामाला निकामी होते. म्हणून इतका छोटा डोस पुरतो.

पाच आठवड्यांनी हिशेब झाला. दोन्ही खोटी औषधं मिळालेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने 13.2 टक्के मृत्यू; दोन्ही खरी मिळालेल्यांत 8 टक्के. हजारामागे 52 माणसं वाचली. स्ट्रेप्टोकायनेजने काहींचा रक्तदाब घसरला, क्वचित मेंदूत रक्तस्राव झाला. हे औषध जिवाणूपासून बनतं, शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यामुळे पुढच्या अटॅकला तेच पुन्हा द्यायचं नसतं.

(दृश्य: जन्मतारखांचे रकाने)

आता गंमत बघा. निकाल छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांनी विचारलं, वयानुसार काय, रक्तदाबानुसार काय, कुणाला फायदा झाला नाही? संशोधकांनी रकाने दिले, पण त्यात एक स्वतःचा घुसवला: जन्मराशी. अर्थात पाश्चात्त्य पद्धतीची, जन्मतारखेवरून. आपल्या पत्रिकेतली चंद्ररास नव्हे. निघालं काय? मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिनने थोडा तोटाच, उरलेल्या दहा राशींत मृत्यू 28 टक्क्यांनी कमी.

हा ग्रहांचा प्रताप नव्हे. 17 हजारांचे बारा तुकडे केले की एकेका तुकड्यात मोजकेच मृत्यू उरतात, आणि नाणेफेकीतही सलग चार छापे पडतातच. राशींऐवजी वयाचे गट असते, तर याच आकड्यांवर कुणी गंभीरपणे नियम लिहिला असता. 'मधुमेहींना फायदा नाही', 'बायकांवर चालत नाही' अशा ओळी कुठे वाचल्या, तर आधी त्या गटात मृत्यू किती झाले ते बघावं, आणि हा गट चाचणीआधी ठरला होता की निकाल हाती आल्यावर, तेही विचारावं.

(दृश्य: निकालाच्या तक्त्यातली राशींची ओळ, वय आणि रक्तदाबाच्या शेजारी)