पडण्याआधी मोजलेलं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

१४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. केंद्र जमिनीत बरंच खोल असल्यानं धक्का दूरदूरपर्यंत जाणवला. आज खान्देशात त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. पण भूकंपाच्या नकाशात जळगाव, धुळे, नंदुरबार हे तापीकाठचे जिल्हे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात दाखवलेले आहेत. एरंडोल, पारोळा, अमळनेर, धरणगाव, चोपडा, फैजपूर ही आपली जुनी गावं. उद्या ती पडलीच, तर पुन्हा तीच गावं म्हणून उभी राहतील का, याबद्दल आज बोलायचं आहे.

इटलीच्या ईशान्येला फ्रिउली भागात वेन्झोने नावाचं तटबंदीचं छोटं गाव आहे. ६ मे १९७६ च्या भूकंपात ते खिळखिळं झालं. लोक सावरत होते, तोच सप्टेंबरात पुन्हा धक्के बसले आणि उरलंसुरलं कोसळलं. ढिगारे उचलायला यंत्रं आली तेव्हा गावकरी आडवे आले. आमचे दगड फेकू नका, म्हणाले. मोठ्या चर्चचे हजारो दगड मैदानात मांडले, जुने फोटो बघून प्रत्येकाची जागा ओळखली आणि ते चर्च १९९५ पर्यंत पुन्हा उभं केलं. जवळपास वीस वर्षं लागली. चर्चला एवढा वेळ लागला तरी चाललं, कारण फ्रिउलीत क्रमच तसा ठरला होता: आधी कारखाने, मग घरं, मग चर्च. माणसाला रोजगार मिळाला तर तो गाव सोडत नाही. आपल्याकडे हाच क्रम लावायचा तर आधी जिनिंग, डाळ मिल आणि बाजारपेठेतली दुकानं उघडावी लागतील.

मला यातली मोलाची वाटते ती फोटोंची गोष्ट. भूकंपापूर्वीची चित्रं कुणीतरी काढून ठेवली होती, म्हणून दगडाला जागा सापडली. आपल्या गावातल्या कुठल्या आळीची अशी नोंद आहे? सिटी सर्व्हेच्या नकाशात घराच्या हद्दी मिळतील. पण ओसरी किती उंच, तुळई खांबावर कशी बसवली आहे, चौकात उजेड कुठून येतो, हे त्यात नाही.

किल्लारीत काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर बावन्न गावं दुसऱ्या जागी वसवली. रुंद, सरळ रस्ते आणि रांगेत घरं. डोक्यावर पक्कं छप्पर आलं, हे फार मोठं काम झालं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण गावं ऐसपैस पसरली आणि ओट्यावरून ओट्याशी बोलणारा शेजार विरळ झाला.

आता आपलं धाब्याचं घर बघा. सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, वर फळ्या किंवा काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर माती. पाऊस गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर नवी माती पसरली जाते, जुनी मात्र कुणी काढत नाही. दोन पिढ्यांत धाब्यावर हातभर थर चढतो. घर हललं की हेच ओझं जीव घेतं. आमच्याकडचे जुने गवंडी सांगतात, "धाबावरनी माती पहिले उतारा." किल्लारीनंतर ज्या गावांत घरं आहे तिथंच मजबूत करायची ठरलं, तिथंही हेच सांगितलं गेलं: छपरावरची माती कमी करा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपं लाकूड ठोका, भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड घाला. वाडा पाडण्यापेक्षा याला कितीतरी कमी खर्च येतो.

गल्ल्यांचं काय, हा खरा कठीण प्रश्न आहे. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो. जळगावला कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, सरकवणारा माणूस अंगावर येणाऱ्या त्या प्रचंड चाकाशेजारी वाकून चालतो. कुठल्या वळणावर मोगरी कधी टाकायची, हे त्याला बापाकडून कळलेलं असतं. रथाचा मार्ग म्हणजे गावाचा नकाशाच आहे. पट्टी धरून नवे रस्ते आखले, तर त्या माणसाची विद्या वाया गेली.

पण २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधल्या अंजारला काय झालं, तेही विसरता येत नाही. प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीतली शाळकरी मुलं अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या घरांखाली सापडली. म्हणून गल्ली जशीच्या तशी ठेवा, असं मी म्हणणार नाही. रथाचा मार्ग ठेवावा, आणि पडलेल्या काही जागा मोकळ्या सोडून दर आळीला पळून उभं राहता येईल असा चौक द्यावा. त्याच भूकंपानंतर भुजच्या जुन्या शहरात रस्त्यांसाठी मोठ्या भूखंडांतून जास्त जागा घेतली आणि अगदी लहान भूखंडांना सूट दिली. ते मला न्यायाचं वाटतं. नेपाळात भक्तपूरनं २०१५ च्या भूकंपानंतर ठेकेदारांऐवजी मोहल्ल्यातल्या समित्या आणि स्थानिक कारागीर यांच्या हाती देवळांची बांधणी सोपवली. तेही आपल्याला जमण्यासारखं आहे. आपल्याकडे सुतार अजून आहेत, काम मात्र त्यांना दरवाजे-खिडक्यांचंच मिळतं.

आणखी एक अडचण, जी भूकंपाआधीच सोडवली पाहिजे. कितीतरी वाड्यांच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे. वारस सुरतेला, पुण्याला, नाशिकला, आणि दाराला कुलूप. मदत येते ती कागदावरच्या नावाला. वारसनोंद नसेल, तर ज्या भावानं घर सांभाळलं त्याच्या हाती काहीच पडत नाही. भाडेकरूचं तर विचारूच नका.

तेव्हा यंदा उन्हाळ्यात, धाब्यावर माती टाकण्याआधी, एवढं करा. घरातल्या पोरांना मोजपट्टी द्या. ओसरी, माजघर, जिना, देवळी यांची मापं वहीत उतरवा. खांब-तुळईच्या प्रत्येक जोडाचा मोबाईलवर फोटो काढा, आणि शेजारी पट्टी धरा म्हणजे मापही कळेल. गल्लीचा फोटो दोन्ही टोकांकडून घ्या. एक प्रत नगरपालिकेत द्या, आणि दुसरी गावाबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे पाठवा. वारसनोंदीचा अर्जही त्याच आठवड्यात तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हेत टाका.

नमस्कार.