झोपाळ्यावरून उठताना

नमस्कार मंडळी. बसा, बसा. जे आधीच बसलेत त्यांना मी थोड्या वेळात उठवणार आहे, तेव्हा फार आरामात बसू नका.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘माणसाची हालचाल शिकवताना: फिजिओथेरपीच्या जुन्या शिक्षकांच्या तीन सवयी’. विषय मीच दिलाय, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? पण ‘तीन’ हा आकडा घालायला नको होता. आकडा दिला की माणसं बोटं मोजत बसतात. पंचेचाळीस मिनिटं होती, त्यातली बारा शाल, श्रीफळ आणि माझ्या परिचयात गेली. परिचयात माझं वय सांगितलं नाही, त्याबद्दल आभार.

आणि तिसऱ्या रांगेतले काठीवाले काका, तुम्ही जिना चढत होतात तेव्हा मी मागेच होते. तुमच्याकडे शेवटी येणार आहे. विसरले तर आठवण करा.

आता सगळ्यांनी पाठ खुर्चीला टेकवा. पावलं गुडघ्यांच्याही पुढे सरकवा. हाताचा आधार न घेता, पाठ अशीच ताठ ठेवून, उठून दाखवा बरं.

हं. कुणी उठलं? मागे एक जण उठले, पण त्यांनी गुपचूप पाय मागे ओढून घेतले. मी पाहिलं. चाळीस वर्षं हेच पाहत आलेय.

पायात ताकद आहे, गुडघे शाबूत आहेत, तरी उठता येत नाही. कारण शरीराचा भार पावलांवर यायला हवा आणि तुम्ही तो येऊ देत नाही. पावलं मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्यायचं, की बूड आपोआप हलकं होतं. १९९० साली मार्गारेट शेंकमन या फिजिओथेरपीच्या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उठण्याचे चार टप्पे मांडले: आधी धड पुढे झुकून वेग घेतं, मग तो वेग सगळ्या शरीराला मिळतो, मग सांधे सरळ होतात आणि शेवटी माणूस स्थिर होतो. आमची मुलं परीक्षेत हे चार टप्पे सुरेख लिहितात. आकृतीला रंगसुद्धा देतात.

ही आकृती मीही शिकवली, आणि त्यात एकदा सपशेल तोंडावर आपटले. ती गोष्ट सांगते.

मी नवीनच शिकवायला लागले होते. इथल्याच, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यातल्या आजी आमच्याकडे यायच्या. खुब्याचं हाड मोडलेलं, प्लेट घातलेली, हाड छान जुळलेलं. माझा एक विद्यार्थी त्यांचा व्यायाम घ्यायचा. मुलगा गुजराती, अतिशय नेटका. कोनमापक लावून रोज अंश टिपायचा. वॉकर सुटला, काठी आली. खुर्चीवरून उठणं तो रोज पंचवीस-तीस वेळा करून घ्यायचा. शेवटी फाइलमध्ये लिहिलं, ‘बसून उठणे: स्वतंत्र’. खाली सही माझी. आजींना पेढे घेऊन घरी पाठवलं. म्हणजे पेढे त्यांनीच आम्हाला दिले.

दहा दिवसांनी सून आली. म्हणाली, “बाई, आजी दिवसभर हाका मारतात. उठवा म्हणतात. दवाखान्यात उठायच्या ना?” मला वाटलं, नाटक. तुम्हाला माहितीये, आम्ही लोक पटकन ‘पेशंट मनावर घेत नाही’ असं म्हणतो. आम्हाला स्वतःला काही उमगलं नाही, तेव्हा ते वाक्य फार उपयोगी पडतं.

तर मी आणि तो मुलगा वाड्यावर गेलो. बडोद्यातल्या जुन्या घरात शिरलं की समोर काय असतं? बरोबर, झोपाळा. शिसवी पाट, पितळी कड्या, हललं की कुरकुर. आजी त्याच्यावर बसलेल्या. सकाळचा चहा तिथे, भाजी निवडणं तिथे, पेपर तिथे, दुपारची डुलकी तिथे. मी म्हटलं, “आजी, उठून दाखवा.” आजींनी आम्ही शिकवलं होतं तस्सं केलं. दोन्ही हात पाटावर टेकले, खाली जोर दिला, आणि पाट गेला मागे. पाटाबरोबर आजीही मागे. पाय अधांतरी, चेहरा पांढराफटक.

त्या मला म्हणाल्या, “अगं, खुर्चीवर मी कधी बसते? खुर्ची पाहुण्यांची.”

माझ्या विद्यार्थ्याने लगेच उपाय सुचवला: झोपाळा काढून टाकू. नाहीतर दोरीने खांबाला बांधू. आजी त्याच्याकडे अशा बघितल्या, की त्याने कड्यांवरचा हात काढून घेतला. “माझ्या सासूबाई शेवटपर्यंत याच्यावर बसल्या,” त्या म्हणाल्या. विषय संपला.

मग आतून त्यांच्या मोठ्या जाऊबाई आल्या. वयाने आजींपेक्षा चार-पाच वर्षांनी थोर, कंबरेत वाकलेल्या. म्हणाल्या, “सरक.” शेजारी बसल्या. टाचेने एक हलकासा रेटा दिला. झोपाळा मागे गेला, पुढे आला, आणि पुढे येताना बाई उभ्या! चालत्या टांग्यातून उतरावं तशा. हात कुठे टेकला नाही, तोंडातली सुपारी हलली नाही.

मी त्यांना पुन्हा बसायला सांगितलं. सहा वेळा केलं त्यांनी. सहाव्यांदा म्हणाल्या, “आता तुम्ही बसा, मी दमले.”

लक्षात आलं ना काय होत होतं? खुर्चीवर पहिला टप्पा, म्हणजे पुढे जाण्याचा वेग, तुम्ही धड वाकवून स्वतः कमावता. इथे तो वेग झोपाळा देतो. पाट मध्यावर येतो तेव्हा त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. नेमकं त्याच सुमाराला पावलं जमिनीवर पक्की हवीत आणि डोकं पुढे हवं. अर्धा क्षण आधी उठलात तर पाट मागून पोटऱ्यांवर बसतो, उशीर केलात तर तो तुम्हाला घेऊन परत जातो. कुठल्या स्नायूत किती ताकद, हा प्रश्न तिथे दुय्यम होता. प्रश्न होता वेळ साधण्याचा. आणि आमच्या फाइलच्या चार पानांत वेळेचं एक अक्षर नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस तो मुलगा रोज संध्याकाळी वाड्यावर जायचा. मागे उभा राहून पाट धरायचा, आधी वीतभर झोका, मग हातभर. आजींना जमलं. तुम्ही घरी जाऊन करून बघणार असाल तर शाबूत गुडघ्यांनी करा, आणि मागे कुणीतरी उभं करा. मला फोन करू नका.

निकोलाय बर्नस्टाइन नावाचे एक रशियन शास्त्रज्ञ होऊन गेले, १८९६ ते १९६६. मॉस्कोत त्यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा दरवेळी जागेवर बसायचा, पण खांदा, कोपर, मनगट यांचा मार्ग दरवेळी थोडा वेगळा असायचा. ते म्हणायचे, सराव म्हणजे सापडलेलं उत्तर घोकणं नव्हे, उत्तर काढायची क्रिया पुन्हा पुन्हा करणं. मी हे वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आजींना मात्र पंचवीस-तीस वेळा एकच उत्तर घोकायला लावलं, तेसुद्धा पाहुण्यांच्या खुर्चीवर.

आता माझं एक दुखणं सांगते. अध्यक्ष घड्याळ बघतायत, पण हे सांगितल्याशिवाय मला चहा जाणार नाही.

मी नंतर एका कॉलेजात शिकवत होते. कुठल्या ते विचारू नका, आणि ओळखलं असेल तर शेजाऱ्याला सांगू नका. तिथे आम्हाला एक लांबलचक खोली होती. जाजम, दोन पलंग, चार वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्या, एक मोडका जिना, आणि मी भांडून आणलेला पाट. मुलं जोडीजोडीने एकमेकांना चालवायची, उठवायची, पाडायचीसुद्धा. एक दिवस समिती आली. त्यांना जाजम ‘आधुनिक’ वाटलं नाही. सहा महिन्यांत तिथे स्मार्ट क्लासरूम झाली. थंडगार, सुंदर, आणि सगळे बाक स्क्रूने जमिनीत ठोकलेले! मंडळी, मानवी हालचाल हा विषय, आणि साठ पोरं अशा बाकांत, की मधल्या पोराला बाहेर यायचं तर पाच जणांनी उठावं लागतं. पडद्यावर निळा गुडघा गोल गोल फिरतो. त्या गुडघ्याला ना साडी, ना भीती, ना तिसऱ्या मजल्यावरचं घर. मी अर्ज केला, निदान मागच्या दोन रांगा काढा. उत्तर आलं की बाकांची गॅरंटी जाईल.

तुम्ही हसताय. मी तेव्हा रडले होते.

आणि हे बडोद्यात सांगावं लागतं याचं जास्त वाईट वाटतं. या गावाला जुम्मादादा व्यायाम मंदिर या आखाड्याची परंपरा आहे. डभोईला जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात आखाड्याचे गुरू प्रोफेसर माणिकराव यांच्या हाताखाली तिथे घडले. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले, आणि १९२४ साली लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था काढली. पण त्याआधी, १९२०-२१च्या सुमाराला, इथल्याच स्टेट हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने तपासलं होतं. क्रम बघा: आधी आखाड्याच्या मातीत अंगाने शिकले, मग प्रयोगशाळेत गेले. आम्ही मुलांना थेट पडद्यासमोर बसवतो आणि माती दाखवायची राहूनच जाते.

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे’. अक्षर सुंदर आहे.

तर तीन सवयी. पहिली झाली: हालचाल जागेसकट शिकवायची. पेशंटच्या घरात बसायला काय आहे, उंबरा केवढा आहे, संडास कुठला आहे, हे विचारल्याशिवाय व्यायाम लिहायचा नाही.

दुसरी, कमी बोलायचं. नवा शिक्षक पेशंटला सांगतो: कोपर सरळ, खांदा खाली, मान वर, श्वास घ्या. जुना शिक्षक फडताळावर तांब्या ठेवतो आणि म्हणतो, “तो काढा.” हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांतले साधारण १२० खांद्याच्या सांध्यात होतात आणि ६० पाठीवरचा फरा फिरल्यामुळे. इनमन आणि सहकाऱ्यांनी हे १९४४ साली मांडलं. पेशंटला यातलं काही ठाऊक असायची गरज नाही. लक्ष तांब्यावर राहिलं तर फरा आपलं काम बघतो, फऱ्यावर गेलं की दोघांचा घोटाळा होतो. आणि दर खेपेला ‘शाब्बास, चूक, शाब्बास’ करत राहिलं, की माणूस स्वतःच्या अंगाकडून कळवून घेण्याऐवजी शिक्षकाच्या तोंडाकडे बघायला लागतो. यावर प्रयोग बरेच झालेत, ते सांगायचे होते. राहू द्या.

तिसरी, नाव उशिरा सांगायचं. चालण्याच्या एका आवर्तनात पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो, हे मुलांना पाठ असतं, पण नीट बघितलेलं नसतं. म्हणून मी त्यांना माणसाआधी चपला बघायला लावायची. देवळाबाहेर अर्धा तास. कुणाची टाच बाहेरून झिजलीय, कुणाच्या एकाच चपलेचं टोक खरवडलंय. टोक खरवडलेलं दिसलं की विचारायचं, हा पाय उचलताना काय होत असेल? मुलं अंदाज करतात, स्वतः तसं चालून बघतात, एकमेकांना हसतात, भांडतात. त्यानंतर ‘फूट ड्रॉप’, म्हणजे पावलाचा पुढचा भाग वर उचलता न येणं, हा शब्द द्यायचा. आधी दिला तर ते त्या शब्दाकडेच बघत बसतात, पायाकडे कुणी बघत नाही. एकदा एका पुजाऱ्याने आम्हाला चपलाचोर समजून हाकललं होतं, ती गोष्ट... नको, दुसरी चिठ्ठी आली.

काका, या. नाही, बसल्या जागीच सांगते. तुमचा उजवा खुबा दुखतो ना? आणि काठी उजव्याच हातात. सगळेच तसंच धरतात. पण उजव्या पायावर उभं राहिलं की कंबर डावीकडे कलंडू पाहते, आणि तिला सावरायला उजव्या खुब्याचा बाजूचा स्नायू जोरात ओढतो. त्या ओढीचा भार दुखऱ्या सांध्यावरच येतो. काठी डाव्या हातात घेतलीत तर कंबरेला डावीकडून टेकू मिळतो आणि स्नायूची ओढ कमी होते. डावी काठी, उजवा पाय, दोघं बरोबर टाकायचे.

चहा खाली आहे. जिन्यापर्यंत तसंच चालून दाखवा, मी मागेच आहे. आणि पाय आधी मागे घ्या काका, मग उठा.