स्टार लागला, पण आदेश वाचला का?

पोलीस खात्यातला माणूस माझ्याकडे आला की पहिला प्रश्न ठरलेला. "वकीलसाहेब, मला खाली आणलं. स्टे मिळेल का?" मी खाली आणल्याचा आदेश बाजूला ठेवतो आणि वर नेल्याचा मागतो. तो हमखास घरी राहिलेला असतो.

एका हवालदारांचं सांगतो. एएसआय, म्हणजे सहायक पोलीस उपनिरीक्षक झाले, बाहीवरच्या तीन फिती गेल्या, खांद्यावर स्टार आला. अकरा महिन्यांनी आदेश निघाला, मूळ पदावर परत. पगारातल्या फरकाचं दुःख नंतरचं. शिंप्याकडे जाऊन पुन्हा फिती शिवा असं सांगायचं कसं, याच विचाराने ते रजा टाकून घरी बसले. पदोन्नतीचा आदेश आणायला लावला. शेवटून दुसरी ओळ होती, 'सदर पदोन्नती निव्वळ तात्पुरती असून त्यामुळे ज्येष्ठतेचा कोणताही हक्क प्राप्त होणार नाही.' पेढे वाटायच्या गडबडीत ती कोण वाचतो!

मग केस संपली? तसं नाही. संविधानाच्या अनुच्छेद 311 प्रमाणे, काही अपवाद सोडले तर, चौकशी आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय पदावनतीची शिक्षा देता येत नाही. पण खाली आणणं ही दर वेळी शिक्षा असतेच असं नाही, आणि सगळं भांडण तिथेच आहे. रेल्वेतल्या पुरुषोत्तमलाल धिंग्रांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1957 साली कसोटी घालून दिली. त्या पदावर तुमचा हक्क होता का? नसेल, तर पगार, ज्येष्ठता किंवा पुढची बढती यांना दंड म्हणून धक्का लागला का? धिंग्रा स्वतः हरले. त्यांची कसोटी मात्र आम्ही आजही वापरतो.

आमच्या हवालदारांसोबत त्याच आदेशाने चढलेले, त्यांना ज्युनियर असलेले, एएसआयच राहिले. हे एकटेच उतरले. आणि आठवडाभर आधी वरिष्ठांनी त्यांना मेमो दिला होता. पदावनतीच्या आदेशात त्या मेमोचा 'म'सुद्धा नव्हता. आदेश जितका साळसूद, तितका मी सावध होतो. कोर्टही नुसते शब्द बघत नाही, गरज पडली तर त्यामागचं कारण उकरतं.

बढतीच अडकली असेल तर मोहोरबंद पाकिटाचा प्रश्न येतो, म्हणजे बढतीचा निर्णय चौकशी संपेपर्यंत पाकिटात बंद ठेवायचा. जानकीरामन खटल्यात 1991 साली ठरलं, की दोषारोपपत्र निघाल्यावरच निर्णय पाकिटात बंद करता येतो. नुसती प्राथमिक चौकशी चालू आहे म्हणून नाही. 'तुमच्यावर डी.ई. (खातेनिहाय चौकशी) प्रस्तावित आहे' असं कुणी तोंडी सांगितलं तर दोषारोपपत्राची तारीख विचारा.

आणि मुदत. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, अंतिम आदेशापासून एक वर्षात जावं लागतं. खात्यात अपील केलं आणि उत्तर आलं नाही, तर सहा महिने थांबून त्यापुढे एक वर्ष. पण अर्जावर अर्ज केल्याने मुदत वाढत नाही, हे खात्यात कुणाला पटतच नाही. साहेबांना वाईट वाटेल म्हणून माणसं थांबतात.

ते हवालदार आले तेव्हा आदेशाला अडीच वर्षं झाली होती. पिशवीत सहा विनंती अर्ज, सहाही पोच नीट जपलेल्या. मेमोपर्यंत पोचायच्या आधी आम्हाला विलंब माफीचा अर्ज लिहायला बसावं लागलं.