मोडीत निघण्याआधीची वर्षे

श्रोतेहो, २०१६ साली आकुर्डीच्या बजाज ऑटोने ‘व्ही’ नावाची मोटरसायकल बाजारात आणली आणि तिच्या पेट्रोलच्या टाकीत ‘विक्रांत’चे पोलाद वापरल्याची जाहिरात केली. आपल्यापैकी पुष्कळांचा त्या विमानवाहू नौकेशी आलेला प्रत्यक्ष संबंध बहुधा एवढाच असेल. १९७१च्या युद्धात, एका बॉयलरला तडे गेलेले असतानाही, जिच्या डेकवरून सी-हॉक विमाने कॉक्स बझार आणि चितगाववर झेपावली, ती नौका भंगारात गेल्याची हळहळ अनेकांना वाटली. मला हळहळीपेक्षा हिशेब महत्त्वाचा वाटतो, म्हणून आज तोच मांडतो.

‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिचे तरंगते संग्रहालय झाले, ते २०१२मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून बंद पडले, आणि लिलावाची वेळ आली तेव्हा जनहित याचिका दाखल झाली. जानेवारी २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ऑगस्टपर्यंतच टिकली, आणि नोव्हेंबरात मुंबईतल्या दारूखान्यात, जिथे जहाजे मोडतात, गॅस कटर पेटले. नौका साठ कोटींना गेली होती. वर्तमानपत्रांत गाजले ते हे शेवटचे वर्ष; पण तिचा निकाल त्याआधीच्या पंधरा वर्षांत लागून चुकला होता, असे माझे मत आहे.

पोलादी नौकेच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवलेले असतात, जेणेकरून खारे पाणी पत्र्याऐवजी आधी त्यांना खाईल. ते झिजले की बदलावे लागतात. पाणरेषेच्या पट्ट्यात, जिथे पत्रा सतत ओला-कोरडा होत राहतो, तिथे गंज सर्वांत जोराने चढतो. हे पाहायचे तर नौका सुक्या गोदीत घ्यायची, शेवाळ-शिंपले खरवडायचे, पत्र्याची जाडी जागोजागी मोजायची, पातळ झालेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा आणि मग रंगाचे थर चढवायचे. चालत्या नौकेसाठी नौदल हे करतेच, परंतु निवृत्त नौकेसाठी गोदी अडवून ठेवण्याची तरतूद कोणाच्या अंदाजपत्रकात असणार? आपल्या पेठांतल्या वाड्यांचेही असेच होते: कौलांतून पाणी झिरपू लागते तेव्हा कोणी वर पाहत नाही, आणि भिंत फुगली की सर्वांना वारसा आठवतो.

उलट उदाहरणही मुंबईचेच आहे. १८१७ साली वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८९७मध्ये इंग्लंडात भंगारात निघाली होती. व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ती घेतली, नाव बदलले आणि तिच्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण देणे सुरू केले. हे काम १९८६पर्यंत चालले. तिला वाचवले ते खरेदीपेक्षा या कामाने, कारण वापरात असलेल्या जहाजाची डागडुजी कोणाला तरी करावीच लागते. आज ती हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे.

‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेच्या वेळी आपण काही शिकलो होतो का? ती मार्च २०१७मध्ये निवृत्त झाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ ती ठेवण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला मान्यता दिली. निधीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. २०२०मध्ये सुमारे साडेअडतीस कोटींना लिलाव झाला आणि सप्टेंबरात ती मोडण्यासाठी गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. सर्वोच्च न्यायालयात तिला वाचवण्याचे प्रकरण निकालात निघाले तोवर तिचा चाळीस टक्के भाग कापून झाला होता. मान्यता आणि तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुणे महापालिकेचे करदाते असलेल्या तुम्हाला समजावून सांगायला नको.

विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी मात्र फेब्रुवारी २००१मध्ये निवृत्त होऊन दीड वर्षात किनाऱ्यावरचे संग्रहालय झाली. ती ९१ मीटरची आणि जमिनीवर असल्याने तळाचा प्रश्नच मिटला. सव्वादोनशे मीटरची ‘विराट’ अशी उचलून ठेवणे अवघडच होते. म्हणून तिचा डेकवरचा मनोरा आणि धावपट्टीचे उचललेले टोक एवढेच कापून निवतीला जमिनीवर मांडावे, असे मी सुचवले असते. त्याला ८५२ कोटी नक्कीच लागले नसते. फक्त ती अट लिलावाच्या कागदातच घालून घ्यायला हवी होती.