बार्न्सच्या झाडीतलं थडगं

(दृश्य: वेलींनी झाकलेल्या शिळा, डोकं तुटलेला दगडी देवदूत)

लंडनच्या नैर्ऋत्येला, टेम्सच्या वळणावरचं हे बार्न्स. इथल्या माळाच्या कडेला, टेनिस कोर्टांजवळ ही जुनी दफनभूमी आहे. 1854 साली सुरू झालेली, जेमतेम दोन एकरांची. 1966 मध्ये ती स्थानिक नगरपालिकेकडे आली. चॅपल पाडलं, कुंपणाचे गज काढले, आणि पुढचं काम राहूनच गेलं.

याच झाडीत एबेनेझर कॉब मॉर्ली यांचं थडगं आहे.

(दृश्य: नदीकाठची घरांची रांग)

मॉर्ली जन्माने इंग्लंडमधल्या हल शहरातले, पेशाने वकील. 1862 मध्ये त्यांनी बार्न्स हा फुटबॉल क्लब काढला. तेव्हा प्रत्येक शाळेचा, प्रत्येक क्लबचा फुटबॉल वेगळा. 26 ऑक्टोबर 1863 रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि मॉर्ली तिचे पहिले सचिव झाले. नियमांचा मसुदा त्यांचाच. वाद पेटला तो प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्यावरून. ही मुभा ठेवली तर कळत्या वयाचा माणूस खेळायला येणार नाही, असं मॉर्ली यांनी बजावलं. 8 डिसेंबरला 13 नियम मंजूर झाले. लाथ गेली, चेंडू हातात घेऊन पळणंही गेलं. ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला.

बार्न्समधल्या ‘द टेरेस’ या नदीकाठच्या रस्त्यावरच्या 26 क्रमांकाच्या त्यांच्या घराचा काही भाग 2015 मध्ये कोसळला. म्हणूनच थडग्याची शिळा जपायला हवी, आणि ती घाईने जपता येत नाही.

(दृश्य: शिळेवर तिरपा पडलेला टॉर्चचा उजेड)

हे जवळून बघा. समोरून पाहिलं तर दगड कोरा वाटतो. टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरली की खोलगट अक्षरांत सावली भरते आणि नाव वर येतं. पहिला फोटो असाच काढायचा. त्याआधी परवानगी, आणि शिळा हलत नाही ना याची खात्री. हलत असेल तर हात लावायचा नाही. अशी शिळा माणसाच्या अंगावर येते.

मग वेल. ती ओढायची नाही. मुळं दगडाच्या भेगांत शिरलेली असतात. ओढली की दगडाचा पापुद्रा अक्षरांसकट निघतो. बुंध्याशी कापायची आणि काही महिने वाळू द्यायची. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची वीण, तेव्हा कापणी बंद.

(दृश्य: बादली, ब्रश, लाकडी पट्टी)

धुण्यासाठी फक्त स्वच्छ पाणी. आधी दगड पुरता भिजवायचा, म्हणजे सुटलेली घाण आत शोषली जात नाही. मऊ केसांचा ब्रश, खालून वर. वरून सुरुवात केली तर कोरड्या दगडावर मळाचे ओघळ उमटतात. शेवाळासाठी लाकडी पट्टी. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच, जोराच्या फवाऱ्याचं यंत्र यातलं काहीही नाही. एका दुपारच्या चकचकाटापायी शंभर वर्षांची कोरणी जाते. आणि हे राखाडी ठिपके? आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद. घट्ट बसले असतील तर तसेच राहू द्यावेत.

सांध्यांत सिमेंट भरणं ही सर्रास होणारी चूक. सिमेंट दगडापेक्षा कठीण. आतलं पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही, थंडीत गोठून फुगतं आणि दगडाचीच कड फोडतं. सांधे चुन्यानेच भरायचे: एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. पारा पाच अंशांच्या खाली असेल तर काम थांबवायचं. वरून ओलं गोणपाट, काही दिवस. आत जुनी लोखंडी खीळ असेल तर गंजून फुगलेली असते; तिच्या जागी स्टेनलेस स्टीलची.

(दृश्य: तोच उजेड, तीच शिळा)

धुतलेली शिळा पुरती वाळली की पुन्हा तिरपा उजेड, पुन्हा फोटो. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहायचं.